आधी तिथी, मग कॅमेरा: किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तूंचे फोटो

किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तूंचे बरेचसे फोटो कॅमेरा पिशवीतून बाहेर येण्याआधीच बिघडतात. चप्पल दिसली की ती उचलायची, झटकायची, जरा बऱ्या वाळूवर ठेवायची आणि क्लिक करायचं. फोटोत चप्पल येते. पण ती कुठल्या भरतीने आणली, उताणी होती की पालथी, शेजारी काय पडलं होतं, हे सगळं त्या एका उचलण्यात पुसलं जातं. समुद्र या वस्तू एका रीतीने लावून जातो. ती रीत आधी वाचायची, मग फोटो काढायचा, हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांना दोन अगदी वेगळे किनारे हाताशी आहेत. एक उत्तनचा. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला आणि खुल्या अरबी समुद्राला लागलेला ठाणे जिल्ह्याचा किनारा एवढ्याच पट्ट्यात उरला. भाईंदर पश्चिमेहून बस मिळते. ठाण्याहून पहाटे निघायचं तर घोडबंदर रस्ता. दुसरा किनारा खाडीचा: चेंदणी, कोपरी, दिवा कोळीवाडा, वाशीचं मिनी सीशोअर, सारसोळे, दिवाळे. उत्तनला वाळू आणि खडक, खाडीत चिखल आणि तिवरं. कामाची पद्धत दोन्हीकडे निराळी.

आधी वेळ ठरवू, कारण निम्मं काम तिथेच होतं. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, आणि नेमकी वेळ हवी तर त्या दिवसाचा भरतीचा तक्ता बघा. तक्त्यातली वेळ मुंबई बंदराची असते. खाडीत आत, ठाण्याच्या बाजूला, पाणी त्यानंतर चढतं.

आता हा हिशेब फोटोग्राफरच्या नजरेने पुन्हा बघा. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-साडेसहाला. उधाणाची सगळ्यात लांब ओहोटी आणि सगळ्यात मऊ प्रकाश आपल्या किनाऱ्यावर एकाच वेळी येतात. दर पंधरवड्याला येतात. मध्यरात्रीच्या भरतीने आणलेला माल वर ओला पडलेला, पाणी खाली दूर, आणि पावलांचे ठसे अजून उमटलेले नाहीत. अष्टमी-नवमीला उलट: सूर्योदयाला पाणी वर आणि ओहोटी भर दुपारी. त्या दिवसांत, म्हणजे भांगाच्या भरतीत, वाळूवरचे फोटो काढायला जाऊ नका. खाडीचा धक्का त्या दिवशी चालतो, त्याचं पुढे बघू.

पौर्णिमेच्या दिवशीपेक्षा प्रतिपदा, द्वितीया आणि तृतीया जास्त कामाच्या. सगळ्यात मोठी भरती साधारण तेव्हा येते, आणि त्यानंतर रोजची भरती थोडी थोडी खाली उतरते. प्रत्येक भरती आपली एक ओळ वाळूवर टाकून जाते. पंचमीच्या सुमारास उत्तनला वरून खाली चालत आलात तर एकाखाली एक तीन-चार ओळी दिसतात: सगळ्यात वरची जुनी आणि सुकलेली, सगळ्यात खालची आजची, ओली. पुढच्या उधाणात पाणी पुन्हा चढतं आणि हे सगळं मोडून एकत्र करतं. म्हणून ओळी वेगळ्या दाखवायच्या असतील तर उतरत्या भरतीचेच दिवस निवडा.

यात अजून एक बारकावा आहे. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात दुपारची मोठी, हिवाळ्यात रात्रीची. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटे दिसणारी सर्वांत वरची ओली ओळ रात्रीची, ताजी. जुलैमध्ये पहाटे वरची ओळ काल दुपारची असते आणि रात्रीची तिच्या खाली सापडते. हे माहीत नसेल तर फोटोखाली चुकीची भरती लिहिली जाते.

पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा थेट उत्तनच्या किनाऱ्यावर येतो, आणि उत्तरेला वसईच्या खाडीच्या तोंडातून उल्हास नदीचं पाणी बाहेर पडतं. जून ते सप्टेंबर माल भरपूर, प्रकाश ढगांनी गाळलेला, सावल्या जवळजवळ नाहीत. फोटोसाठी हा उत्तम हंगाम, आणि किनाऱ्यासाठी सगळ्यात धोक्याचाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच दिवशी असेल तर घरी थांबा.

जागेवर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा काढू नका. ओळीच्या वरच्या, कोरड्या बाजूने चालत एक टोक गाठा आणि परत या. ओळ डावीकडे ठेवून गेलात तर परतताना ती उजवीकडे येते, प्रकाशाची बाजू बदलते आणि जाताना न दिसलेल्या वस्तू दिसतात. ओळीवरून चालायचं नाही. एकदा पाऊल पडलं की तो तुकडा गेला.

काय दिसतं आणि का दिसतं, हे कळलं की फोटो सुचायला लागतात. बुचं पुष्कळ सापडतात आणि त्या मानाने बाटल्या कमी, याचं कारण घनतेत आहे. पाण्याची बाटली पेट प्लास्टिकची, घनता १.३८ च्या आसपास. समुद्राचं पाणी १.०२५. बूच लावलेलं असेल तर आतल्या हवेवर बाटली तरंगते. बूच निघालं आणि पाणी भरलं की तळाला जाते. बूच स्वतः पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या हलक्या प्लास्टिकचं, घनता ०.९ ते ०.९६, त्यामुळे ते तरंगतच राहतं आणि किनाऱ्याला लागतं. बुचाचा फोटो म्हणजे त्या अर्थी बुडालेल्या बाटलीचा फोटो. वस्तूवरचा त्रिकोण आणि त्यातला आकडा टिपून घ्या: १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ज्यात थर्माकोलही आलं.

आपल्याकडची सगळ्यात बारकी आणि ओळखीची वस्तू म्हणजे दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. स्वयंपाकघरात कात्रीने तिरका छाट दिला की तो ओट्यावर पडतो, तिथून मोरीत, गटारात, नाल्यात. कोपरा एलडीपीईचा, म्हणून तरंगतो. जेमतेम बोटाच्या पेराएवढा त्रिकोण: दोन बाजू कारखान्यातल्या, तिसरी कात्रीची. ही तिसरी बाजू फोटोत स्पष्ट दिसली पाहिजे, कारण हाताने झालेलं काम तेवढंच आहे. मॅक्रो लेन्स असेल तर ९० किंवा १०० एमएम, एफ ८, कॅमेरा जमिनीला समांतर, फोकस त्या कापलेल्या कडेवर. फोनवर मॅक्रो मोड लावला की फोन इतका जवळ जातो की स्वतःचीच सावली पडते. त्याऐवजी दोनपट झूम करून वीस-पंचवीस सेंटिमीटर वरून घ्या. छपाईचा थोडासा निळा किंवा हिरवा रंग आत शिल्लक असतो. तो वाढवू नका, आहे तसा राहू द्या.

रंगाचंही वाचन होतं. लाल रंग उन्हात लवकर विटतो, निळा-हिरवा बराच टिकतो. एखादं खेळणं वरून पांढरट आणि खालून लालभडक असेल तर ते बराच काळ एकाच अंगावर तरंगलं किंवा पडून राहिलं. म्हणून दोन फोटो लागतात: सापडलं तसं, आणि उलटवून. उलटवलेल्या फोटोखाली ‘उलटवून’ असं लिहा. ही लपवायची गोष्ट नाही.

देठ असलेले, शिंपल्यासारखे दिसणारे बार्नकल नावाचे प्राणी काही वस्तूंना झुपक्याने लटकलेले असतात, करड्या-पांढऱ्या कवचाचे. हे खुल्या समुद्रात तरंगणाऱ्या वस्तूंवर वाढतात. असा बोया किंवा लायटर दिसला तर तो जवळच्या नाल्यातून काल आलेला नाही, आठवडे समुद्रात फिरून आलेला आहे. सुळक्यासारखे, थेट चिकटलेले बार्नकल निराळे; ते खडकावर, होडीवर, बंदराच्या खांबावरही वाढतात. देठवाले ताजे असताना ओलसर चमकतात आणि ऊन चढलं की सुकून आक्रसतात. अशी वस्तू दिसली तर बाकी सगळं सोडून ती आधी घ्या.

तारीख ओळखायला पाकिटं उपयोगी. उत्पादनाची तारीख पुसलेली असली तरी किमतीपुढे ₹ हे चिन्ह असेल तर पाकीट जुलै २०१० नंतरचं, कारण चिन्ह तेव्हा स्वीकारलं गेलं. बारकोड ८९० ने सुरू होत असेल तर कंपनीची नोंदणी भारतातली. माल भारतातच बनला, असं मात्र त्यावरून लिहू नका.

आता फोटोचं तंत्र. सूर्य खाली असताना तो तुमच्या पाठीशी आला की तुमची लांब सावली नेमकी वस्तूवर पडते. सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्याला ठेवा. बाजूच्या उजेडात वाळूचा पोतही उठून दिसतो. ओल्या वाळूवर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सहसा बरोबर चालतो. खाडीच्या काळ्या चिखलावर तो फसतो आणि चिखलाला उजळ राखाडी करून टाकतो. तिथे एक्सपोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). थर्माकोलचा तुकडा फ्रेममध्ये असेल तर हिस्टोग्रामची, म्हणजे पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड बघा. पांढरा जळाला की त्यावरचे दाणे परत मिळत नाहीत. रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधलेला, ५२०० ते ५६०० केल्विन. ऑटो ठेवलात तर निळी दोरी आली की वाळू पिवळी होते, आणि मालिकेतले दोन फोटो शेजारी लावता येत नाहीत.

पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवता येणारा फिल्टर, जवळ ठेवाच. ओल्या प्लास्टिकवरची चकाकी त्याने जाते, बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो, म्हणून पहाटे आयएसओ ४०० ते ८०० ची तयारी ठेवा. त्याचा एक वेगळा उपयोगही आहे. सूर्य क्षितिजावर असताना डोक्यावरच्या निळ्या आकाशाचा प्रकाश बराचसा ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंपन पावणारा, असतो. पारदर्शक, टणक प्लास्टिक, म्हणजे मिठाईच्या डब्याचं झाकण किंवा चमचा, या आकाशासमोर धरून पोलरायझर फिरवा. साच्यात ओतताना प्लास्टिकमध्ये अडकून राहिलेला ताण इंद्रधनुषी पट्ट्यांनी दिसायला लागतो. जिथून प्लास्टिक साच्यात शिरलं त्या ठिकाणी पट्टे दाट होतात. ढगाळ दिवशी हे जमत नाही.

मोठेपणा दाखवायला नाणं ठेवायचं तर १० रुपयांचं, व्यास २७ मिलिमीटर. ते वस्तूच्या पातळीवर ठेवा. उंच वस्तूशेजारी वाळूवर ठेवलेलं नाणं माप चुकवतं. नाण्याशिवायचा फोटो आधी.

एका किनाऱ्याची नोंद वर्षभर करायची असेल तर चौकट बनवा. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे साधारण एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो, म्हणजे कोपऱ्याचे काटकोनी जोड. एल्बोमुळे माप बदलतं, म्हणून जमिनीवर मांडून आतलं अंतर बरोबर एक मीटर येईल असे तुकडे कापा. सोल्युशनने चिकटवू नका, नुसते दाबून बसवा, म्हणजे सुटे करून पिशवीत जातात. पाइपला दर २५ सेंटिमीटरवर भोक पाडून दोरा ओवलात की १६ घरं होतात, आणि त्याच भोकांतून आत शिरलेलं पाणीही निघून जातं. पाइपला मॅट राखाडी रंग द्या. पांढरा पाइप उन्हात चमकतो आणि मीटरला फसवतो. दोराही चमकणारा नायलॉनचा नको, सुती घ्या. गाठी मात्र दर खेपेला ताणून घ्याव्या लागतात.

चौकट पूर्ण फ्रेममध्ये यायला हवी, आणि इथे उंचीचं गणित लागतं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने (साधारण २६ एमएम) एक मीटर उंचीवर फ्रेमची आखूड बाजू जेमतेम एक मीटर भरते. म्हणून सव्वा मीटर, म्हणजे छातीएवढी उंची, हात पुढे करून. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ एमएमला सुमारे १.६ मीटर, डोळ्यांची उंची. ५० एमएम लावलीत तर दोन मीटरच्या वर जावं लागेल आणि वाळूत स्टूल रोवत बसाल. फोन आडवा सपाट धरला की बऱ्याच फोनमध्ये पडद्यावर दोन अधिकचिन्हं येतात. ती एकमेकांवर आली की कॅमेरा समांतर. ओळीवर दर दहा पावलांनी एक चौकट टाका, आणि दहावं पाऊल रिकाम्या वाळूवर पडलं तर तिथेही टाका. रिकामी चौकट गाळली की नोंद खोटी होते. रिकाम्या वाटणाऱ्या चौकटीत जवळून पाहिलं तर पुष्कळदा दोन-पाच मिलिमीटरचे गोल, अर्धपारदर्शक मणी सापडतात. ते प्लास्टिक कारखान्याचा कच्चा माल असतात.

खाडीत ही चौकट चालत नाही, कारण खाली उतरायचंच नाही. चिखल गुडघ्याच्या वर ओढतो, आणि भरती आली की ती तुमच्या मागच्या नाल्यातून आधी येते. धक्का, बांध, जेट्टी एवढीच जागा. तिवराच्या फांद्यांवर पिशव्या लटकलेल्या दिसतात, त्या सगळ्या एका पातळीत असतात. पानांवर चिखलाची कड जिथे संपते तिथेच पिशव्याही संपतात. ही सरळ रेघ दाखवायची तर कॅमेरा त्याच उंचीवर आणा आणि ८५ ते १३५ एमएमने झाडं एकमेकांजवळ ओढून घ्या. धक्क्यावरून खाली बघत काढलेल्या फोटोत रेघ मोडते. भांगाच्या दिवशी सकाळी पाणी वर असतं तेव्हा जेट्टीच्या कोपऱ्यात तरंगणाऱ्या वस्तू गोल फिरत जमतात. त्यासाठी शटर एक अष्टमांश सेकंद, कॅमेरा कठड्यावर टेकवून. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, आणि २०२२ पासून खाडी रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय, यादीत आहे. नोव्हेंबर ते मे पक्षी चिखलावर चरत असतात. प्लास्टिकच्या फोटोसाठी थवा उडवू नये.

हात लावण्याबद्दल. जाड रबरी हातमोजे, लांब चिमटा, जाड तळव्याचे बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेत घेतलेलं. बूच किंवा शंख उचलण्याआधी आत शंखातला खेकडा नाही ना, ते बघा. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे, जेलीफिशच्या जातकुळीचे जीव प्लास्टिकमध्ये मिसळून पडतात, त्यांच्या सुकलेल्या दोऱ्याही डंख करतात. सुया-सिरिंजचे फोटो लांबून, टेली लेन्सने. बंद डबे, पिंपं, सिलिंडर यांना अजिबात हात नको. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, तेलाबरोबर कंटेनरही समुद्रात पडले आणि त्यात कीटकनाशकं होती. डब्यावर काय लिहिलंय त्यापेक्षा डबा बंद आहे, हेच पुरेसं कारण. फोटो काढा, ११२ ला फोन करा.

देवांच्या मूर्ती आणि तसबिरी यांचं काय करायचं, हा प्रश्न गणपतीनंतर दर वर्षी येतो. आमचं मत स्पष्ट आहे. भंगलेल्या मूर्तीचा चेहरा जवळून काढू नये. ओळीतली तिची जागा लांबून, आजूबाजूच्या सगळ्यासकट दाखवावी. कुणीतरी हात जोडून तिला निरोप दिलेला असतो. मूर्ती हलवायचीही नाही.

उपकरणांची निगा थोडक्यात. लेन्स किनाऱ्यावर बदलू नका. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी उघडा, म्हणजे वरची कुलपं वाळूपासून दूर राहतात. लेन्सवर उडालेलं खारं पाणी कोरड्या कापडाने पुसलंत तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी हवेने उडवा, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेलं मऊ कापड. पावसाळ्यात डांबराचे गोळे पायाला आणि ट्रायपॉडला लागतात, ते खोबरेल तेलाने निघतात. घरी पोचल्यावर ट्रायपॉडचे पाय सुटे करून बादलीत धुवा. दुसऱ्या दिवशी धुऊ म्हणालात तर कुलूप अडकलेलं सापडेल.

प्रत्येक फोटोखाली पाच गोष्टी हव्यात: जागा, तारीख, तिथी, वरून कितवी ओळ, आणि वस्तू कशी पडली होती. उदाहरणार्थ: ‘उत्तन, (तारीख), कृष्ण तृतीया, वरून दुसरी ओळ, निळं बूच, पालथं, आत वाळू’. प्लास्टिकचा प्रकार कळला तर तोही. ही ओळ तिथेच फोनवर बोलून ठेवा. घरी आल्यावर चाळीस बुचांमधलं कुठलं पालथं होतं, ते कुणालाच आठवत नाही.

फोटो झाल्यावर उचलता येईल तेवढं गोणीत भरून न्या. जाळी, दोऱ्या आणि बोये यांच्या बाबतीत मात्र आधी विचारा. उत्तनला बोंबील वाळवायच्या बांबूंच्या खाली, होडीच्या सावलीत पडलेली दोरी टाकलेली वाटते आणि ती उद्याच्या डोलीची, म्हणजे बोंबील पकडायच्या जाळ्याची, असते. भरतीच्या ओळीच्या वर, कोरड्या जागी, वेटोळं करून ठेवलेली दोरी पाण्याने आणलेली नाही. पाणी वेटोळं करत नाही. तरीही शंका असेल तर होडीजवळ बसलेल्या काकांना किंवा मासळी निवडणाऱ्या मावशींना विचारा. कुठल्या ओळीत आज काय लागलं, हेही त्यांनी सकाळी बघितलेलं असतं.